चौदाशे चाळीस तोंडं

साठ गाड्या. प्रत्येकीच्या सीटखाली सहा बॅटऱ्या.
प्रत्येक बॅटरीला चार टोपणं.
गुणाकार मी एकदाच केला, रास अल खैमाला आलो त्या वर्षी.
पुन्हा केला नाही. तोंडं मोजून
तहान कमी होत नाही कुणाची.

शेवटचा साहेब अठराव्या भोकातून चेंडू उचलतो,
हिरवळीवर फवारे सुटतात,
गाड्या शेडमध्ये येतात, दिवसभराची वाळू खोबणीत घेऊन.
चार्जर लावले की शेड गुणगुणते
आणि नाकाला तो वास लागतो,
कपडे तीनदा धुतले तरी शमीमला खेडमध्ये
सुटकेस उघडल्या उघडल्या लागणारा.

लोकेन्द्र नवीन. धनकुट्याचा, एकवीस वर्षांचा, दयाळू.
त्यानं पहिल्याच आठवड्यात चार्जिंगच्या आधी
अकरा गाड्या गळ्यापर्यंत भरल्या.
सकाळी फरशीवर आम्लाचे ओघळ,
त्याच्या पँटीला गुडघ्यावर भोकं,
आणि बिजू फोरमनचा मल्याळममधला आवाज.
मी म्हटलं, अरे, चार्ज होताना पाणी फुगतं.
आधीच काठोकाठ भरलंस तर ते फुगायला जाणार कुठं?
आधी चार्ज, मग पाणी.
गळ्याखाली सहा मिलिमीटर रिकामे सोडायचे.
प्लेटा उघड्या दिसल्या तर मात्र थांबायचं नाही,
त्या बुडतील एवढं आधीच द्यायचं,
उरलेलं सकाळी.

आत बघायला टॉर्च. लायटर नाही, कधीच नाही.
आतून जे वर येतं ते दिसत नाही, पण पेटतं.

आणि नळाचं पाणी नको.
ते समुद्राचं, मीठ काढलेलं,
मग माणसाच्या जिभेसाठी पुन्हा थोडे क्षार घातलेलं.
बॅटरीला चव लागत नाही.
तिला कॅनमधलं डिस्टिल्ड,
ज्याला आपण कुठून आलो
हेही आठवत नाही असं पाणी.

ऑगस्टमध्ये, एकेचाळीस नंबरच्या मागे,
कुणीतरी कमरेत स्क्रूड्रायव्हर फिरवावा तसं झालं.
मी फनेल हातात धरूनच खाली बसलो.

दवाखान्यात डॉक्टर सुमय्यांनी विचारलं,
दिवसाला पाणी किती लिटर?
मी पटकन म्हणालो, उन्हाळ्यात वीस-पंचवीस.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मग लक्षात आलं, त्या माझं विचारत होत्या.

पातळी उतरत गेली की खडे धरतात, त्या म्हणाल्या.
हे मला कुणी सांगायला नको होतं.
प्लेटांवर पांढरं धरलं की मीच बिजूला सांगतो,
ही गेली, आता पाणी घालून उपयोग नाही.
फोटोत दाखवला त्यांनी. सहा मिलिमीटर.
आम्ही गळ्याखाली सोडतो तेवढाच,
फक्त भरलेला.

शमीमनं रात्री फोनवर विचारलं, आवाज का बसलाय?
धूळ, म्हटलं.
पाणी पितोस ना?
पाण्याचंच तर काम आहे माझं, म्हटलं,
आणि ते खोटं नव्हतं.

आता लोकेन्द्र दर दहाव्या गाडीच्या सीटवर
एक बाटली ठेवतो. मार्करनं रेघ मारलेली.
काही बोलत नाही. दहा, वीस, तीस.
चाळीसपाशी मी ती तशीच ओलांडून गेलो
तर मागून म्हणाला,
चाचा, प्लेटा उघड्या दिसतायत.

रेघेपर्यंत प्यायलो. कोमट.
प्लास्टिकची थोडी चव, थोडी त्याच्या हाताची.
बाहेर चार वाजले असतील, हवा अजून ओल्या फडक्यासारखी.
एकेचाळीसचं तिसरं टोपण कधीच नीट बसत नाही.
आधी गळा पुसायचा,
मग उलटं अर्धा वेढा फिरवायचं,
मग सुलटं.