आडवे सात

नेरूळला आमच्या जिन्यात पेपर एकच येतो,
चार घरांत मिळून.
कुणी ठरवलं, आठवत नाही.
बहुतेक त्या महिन्यात, गळक्या पाइपावरून
कुणी कुणाशी बोलत नव्हतं तेव्हा
टिपणीसबाईंनी वाचून झालेला पेपर
मान्यांच्या कडीत अडकवला. न बोलता.

तेव्हापासून तो जिना उतरतो.
शब्दकोड्यात आधी बाईंची हिरवी शाई.
दुपारी मार्केटातून परतलेले हिंदुराव माने,
खांद्यावर अजून कांद्याची टरफलं,
पेन्सिल जिभेला लावून
मोट, वेसण, खळं असलं काही भरतात.
मग ड्यूटी संपवून सुसम्मा.
कोट्टयमची. मराठी शिकली ती याच चौकटींतून,
म्हणून थोडी आडवी, थोडी उभी बोलते.
"आज मला तारांबळ भेटली," म्हणाली होती एकदा,
जशी काही तळमजल्यावरची कुणी बाई.
उरेल ते माझं, रात्री नऊनंतर.
बहुतेक नद्याच उरतात.

परवा आडवे सात कोरंच खाली आलं.
सोलकढीचं फळ. तीन अक्षरं.
रत्नागिरीच्या बाईंना हे येऊ नये?
हिंदुरावांना वाटलं, चश्मा सापडला नसेल.
सुसम्मा म्हणाली, आमची कुडंपुळी चार होते,
एक घर कमी पडतं.
मग तिघांनी एकदम वर पाहिलं.
बाईंच्या खिडकीत अंधार.

त्यांची किल्ली मान्यांकडे असते
(हेही कुणी ठरवलेलं नाही).
ती कुलपात फिरायच्या आत दार उघडलं.
डोक्याला तेल, हातात मेणबत्ती:
"काय, मेले वाटलं?"
बल्ब गेला होता, इतकंच.
हिंदुराव स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं,
सुसम्मानं मोबाइलचा उजेड धरून विचारलं,
"मग ते सात का सोडलं?"
"सोपं होतं," बाई जवळजवळ चिडूनच म्हणाल्या,
"तुझ्यासाठी ठेवलं होतं."

सुसम्मानं तिथेच भिंतीला पेपर टेकवून लिहिलं, कोकम.
"अगं, फळाला रातांबा म्हणतात!"
पण पेनानं लिहून झालं होतं.
उभे आठ त्यामुळे बिघडलं,
ते तसंच आहे.

मी खाली आलो. कोडं पुढ्यात घेतलं.
उभे दोन माझ्यासाठी उरलेलं:
कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी नदी. तीन अक्षरं.

हिंदुराव पाटणचे.