अकरा नंबरचं तळं

इंजिनिअर नेमायचे होते.
जाहिरात मीच टाइप केली:
एकोणीस तळी, वय बावन्न वर्षं,
कालव्याचं पाणी आत येतं, जमिनीत मुरतं,
हल्ली मुरायला फार दिवस लावतं.
तीन कंपन्यांचे अर्ज आले.
चौथा मुदतीनंतर. तो मी पाकीट न फोडता परत पाठवला.

कॅलिफोर्नियाच्या व्हॅलीतला सप्टेंबर.
बाहेर बदामाची झाडं गदागदा हलवणारी यंत्रं,
त्यांची धूळ खिडकीच्या काचेवर,
आत समितीची पाच माणसं आणि मी.
मला मत नाही. मी इतिवृत्त लिहिते.

पहिल्या कंपनीच्या पडद्यावर आमची तळी
इतकी निळी होती की आमची वाटेचनात.
दुसरीने सेन्सर मांडले:
दर पंधरा मिनिटांनी तळ्याची नाडी, थेट मोबाइलवर.
अध्यक्ष हाचादूरियानबाईंनी खर्च विचारला,
उत्तर देणाऱ्याने आधी घोटभर पाणी प्यायलं.
मग सांतिबान्येस म्हणाले,
गावाच्या पूर्वेला माझ्या बहिणीची विहीर आहे, कोरडी.
तुमचं पाणी तिथवर कधी पोचेल?
मॉडेलप्रमाणे, अकरा वर्षांत.
बहीण एकाहत्तरची आहे, ते म्हणाले,
आणि कागद उलटा ठेवला.

तिसरीकडून एकटीच आली, माइ न्या थाओ.
भागीदार तापाने पडला होता.
तिची फाइल पातळ होती.

एव्हरिस्टो दुत्रा समितीत होता, कारण नियमच आहे
की एक माणूस तळ्यांवरचा हवा.
एकतीस वर्षं तो तिथे फावडं, पंप, बदकं आणि बिळं सांभाळतोय.
तिघांनाही त्याने एकच विचारलं:
तळं आटवलं की तिसऱ्या दिवशी तळाशी काय दिसतं?
पहिले म्हणाले, सूक्ष्म गाळ, सरासरी जाडी अमुक.
दुसऱ्यांनी आलेख दाखवला.
ती म्हणाली, पापुद्रे.
उन्हाने कडा वर वळलेले.
आमच्या भाड्याच्या शेतात पाट तुंबला की
मी लहानपणी ते उचलून रचायचे, ताटल्यांसारखे.
खालची माती ठणठणीत कोरडी असायची.
पाणी वर उभं, आणि खाली काहीच नाही.

मग उलट तिनेच विचारलं,
यातलं एखादं तळं बाकीच्यांपेक्षा लवकर पितं का?

एव्हरिस्टोने टोपी गुडघ्यावर फिरवली.
तो काहीच बोलला नाही.
मी लिहिलं: उत्तर नाही.

उत्तर आहे. मला ठाऊक आहे,
कारण त्याच्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात.
अकरा नंबर, वायव्येचा कोपरा.
खाली जुनी नदी आहे, कुठल्याच नकाशात नसलेली,
रेतीच रेती.
तीन साहेब आले नि गेले, त्याने सांगितलं नाही.
एकदा सांगितलं होतं, सहा नंबरच्या शेजारच्या रेताड जागेबद्दल.
वर्षभरात तिथे गोदाम उभं राहिलं,
भोवती डांबर, दोनशे गाड्यांचं.

गुण मोजले.
अनुभवाच्या रकान्यात तिला दहापैकी तीन.
सेन्सरवाले चार गुणांनी वर.
हाचादूरियानबाईंनी बेरीज दोनदा करायला लावली,
बेरीज बरोबर होती.
तिला पत्र मीच पाठवलं, आभारासह.

शुक्रवारी घरी जाताना कालव्याच्या रस्त्याने गेले.
अकरा नंबरपाशी एव्हरिस्टोचा ट्रक,
त्याच्यामागे एक छोटी गाडी, दार उघडंच.
तळं आटवलेलं होतं.
ती बूट हातात घेऊन खाली उतरलेली,
आणि तो, जो कोणाला काही सांगत नाही,
हात लांबवून कोपऱ्याकडे दाखवत होता.
मग दोघंही वाकली.

सोमवारी साहेबांनी विचारलं,
या निवडीत काही पाणी मुरतंय का?
नाही, मी म्हटलं.
मग आठवलं, त्यासाठीच तर आपला पगार.

सेन्सर पुढच्या महिन्यात येणार आहेत.
कोणत्या तळ्यात आधी बसवायचे,
ते अजून ठरलेलं नाही.
एव्हरिस्टो मार्चमध्ये निवृत्त होतोय.
त्याच्या जागेसाठी जाहिरात काढायची आहे.
अनुभवाच्या रकान्यात काय मागायचं,
सकाळपासून कर्सर तिथेच लुकलुकतोय.