गुरुवारी टीव्ही नसतो

या आठवड्यात मला सगळ्यात आवडलं ते
हवामानवाल्याचं फजित होणं.
मंगळवार. त्याने आमच्या फ्योर्डवर पुठ्ठ्याचा सूर्य डकवला,
पाठ वळवली,
आणि सूर्य सावकाश घसरत घसरत
ग्रीनलंडच्या समुद्रात जाऊन पडला.
तो बोलतच राहिला, वारा, दाब, उत्तरेकडून,
आणि इकडे मी, रान्वेइग, वय त्रेसष्ट,
दिवसभर कॉडचे काटे काढून सुजलेल्या बोटांनी
तोंड दाबून हसत होते.
नोव्हेंबरपासून आम्ही खरा सूर्य पाहिलेला नाही.
डोंगर त्याला वर येऊच देत नाही.
म्हटलं, चला, पुठ्ठ्याचा तर पुठ्ठ्याचा,
तर तोही बुडाला.

नाही, थांबा. त्याआधी रविवार.
राजधानीतल्या चर्चमधलं गाणं,
पांढऱ्या झग्यांतली चाळीस मुलं,
आणि दुसऱ्या रांगेत कडेला एक पोरगा
जांभई गिळतोय, गिळतोय,
आणि नेमका आमेनच्या वेळी त्याने आ वासला.
देवाला काय, तोही आ आणि हाही आ.
स्नायब्योर्न म्हणाला, हा बोटीवर जाणार.
पहाटेच्या पाळीला आमचं असंच व्हायचं.

स्नायब्योर्नचा टीव्ही डिसेंबरात बंद पडला.
तेव्हापासून तो रोज आठला येतो,
बूट दाराशी काढतो,
आणि माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत न बसता
शेजारच्या स्टुलावर बसतो.
एवढा उंच माणूस, गुडघे कानाशी.
मीही कधी म्हटलं नाही, खुर्चीत बस म्हणून.

सोमवारी डेन्मार्कची मालिका.
दिवाणखान्यात वारसाहक्कावरून भांडण,
कोण कोणाला काय बोललं, काही आठवत नाही.
दाराआड मोलकरीण ट्रे घेऊन उभी होती.
तिने एका हाताने ट्रे सावरला,
दुसऱ्याने साखरेचा खडा उचलला
आणि गालात ठेवला.
एवढंच. कथेला त्याची गरज नव्हती.

बुधवारी वाऱ्याने अँटेना फिरवली.
बुद्धिबळाचा डाव अगदी शेवटाला आलेला,
आणि चित्र गेलं. आवाज तेवढा राहिला,
समालोचक घरांची नावं कुजबुजत होता.
स्नायब्योर्नने मीठदाणी, मिरीदाणी, माझं शिवणाचं अंगुस्तान
टेबलावरच्या चौकड्यांच्या कापडावर मांडलं
आणि कुजबुज ऐकत ऐकत सरकवत गेला.
अंगुस्तान जिंकलं.

गुरुवारी आमच्या देशात टीव्ही नसतो.
आठवड्यातला एक दिवस पडदा काळा,
म्हणे माणसांनी माणसांकडे जावं म्हणून.
पाच वर्षं झाली, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
आठ वाजले. दाराशी बूट.
मी म्हटलं, अरे, आज गुरुवार.
तो म्हणाला, हो का,
आणि स्टुलावर बसला.

मी कॉफी ठेवली, विणकाम घेतलं.
फुगीर काळ्या काचेत दिवा दिसत होता,
वाकलेली खिडकी,
एक बाई, एक म्हातारा, दोघंही अंगठ्याएवढे.
बराच वेळ काही घडलं नाही.
बाईचा एक टाका निसटला, तिने परत उचलला.
म्हाताऱ्याने कॉफी बशीत ओतली.
मग तो उठला, पुढे झाला,
बंद टीव्हीवरची अँटेना जराशी डावीकडे वळवली
आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारलं,
आता नीट दिसतंय?

मी म्हटलं, त्या माणसाला कुणीतरी खुर्चीत बसवा.
गुडघे दुखत असतील त्याचे.

शुक्रवारी बातम्या असाव्यात.
शनिवारी लोकर आणायला गेले,
तर दुकानदार म्हणाला, तुझ्या शेजाऱ्याला सांग,
त्याचा टीव्ही नाताळातच दुरुस्त झालाय,
तीनदा निरोप दिला, न्यायला येतच नाही.
मी पैसे मोजले. सुटे परत घेतले.
आठ वाजायला अजून खूप वेळ होता.