जिन्यातली काच

मिसिसिपीच्या काठचं हे घर शनिवारी उघडतं, एक ते चार.
आर्डिस होल्टकॅम्पबाई स्वेटरच्या खिशातून किल्ली काढतात,
आत शिरण्याआधी बूट झटकतात,
जणू मालक अजून जेवतोय.

वस्ती ऐतिहासिक ठरली तेव्हापासून
खिडकीला रंग द्यायचा तरी समितीला विचारावं लागतं.
धूळ तेवढी न विचारता येते.

बैठकीत शिंपल्यांचा ढीग,
नदीतून काढलेले, गोल गोल भोकं पाडलेले,
एकेकातून सहा-सात गुंड्या निघून गेलेल्या.
पोरं त्या भोकांतून एकमेकांना बघतात.
बाई दटावत नाहीत.
भिंतीवर कारखानदार क्रेलरसाहेब, तैलरंगात.
त्यांच्या कोटाच्या गुंड्या सोन्याच्या.

मग जिना. इथं बाई हमखास थांबतात:
"बारा काचांतली ही एक नंतर बसवलेली. मोठी गारपीट झाली होती."
तीस वर्षं सांगतायत.
गार केवढी होती तेही, मूठ वळून दाखवतात.

त्या दिवशी एक म्हातारा आला. लेक गाडीतच बसून राहिली.
तो थेट फोटोपाशी गेला:
चाळीस बायका, लांब टेबलं, खाली पट्टी,
'गुंड्या निवडणाऱ्या कामगार. नावे उपलब्ध नाहीत.'
"ही," तो म्हणाला. डावीकडून तिसरी, अंगठ्याला चिंधी.
"लिओटा. माझ्या बापाची थोरली बहीण.
संपाच्या वर्षी हिनंच दगड घातला इथल्या जिन्यात.
घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेर कुणी बोललं नाही.
गारा कसल्या, बाई? फेब्रुवारी होता."

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.
वही पुढे केली. अभिप्रायाच्या रकान्यात
त्यानं लिहिलं: आत गारठा आहे.

चारनंतर दिवे मालवून
त्या जिन्यात बसल्या, दोरी बांधलेल्या पायरीवर,
जिथं पाहुण्यांना मनाई.
अकरा काचांतून नदी थरथरत होती,
जुन्या काचेत सगळंच थरथरतं तशी.
बारावीतून नुसती वाहत होती,
मातकट, सरळ, एक बार्ज ओढत.

पर्समध्ये पेन्सिल सापडली.
'नावे उपलब्ध नाहीत'च्या वर,
समितीला न विचारता, एक नाव.
बारीक. खोडता येईल असं.

गारांचं काय करायचं
ते पुढच्या शनिवारी बघू.