वरची बाजू

वार्डोच्या संग्रहालयाचं तळघर, डिसेंबर.
सूर्य उगवणारच नाही असं ठरलेलं असताना
मी तीन हजार चारशे फोटो सरळ करतोय.

कुणी स्कॅन केले देव जाणे,
हाताला लागले तसे: आडवे, तिरपे, डोक्यावर.
सॉफ्टवेअर चेहरे शोधतं.
दोन डोळे, त्यांच्याखाली तोंड,
म्हणजे त्यांच्यावर आकाश.
बहुतेकदा खरंही निघतं.
मास्तरीणबाई, बाप्तिस्मा, बर्फात रुतलेली बस,
एकेक टुणकन उभं राहतं.

चेहरा नसला की गडबडतं.
खाडीचं पाणी निवांत असेल तर
डोंगर वर जेवढा, खालीही तेवढाच.
काठावर पालथी घातलेली होडी तर
त्याला सोसवतच नाही. उलथून देतं,
आणि तिच्या पोटाखालून ढग वाहू लागतात.
मी परत पालथी घालतो.
हिवाळाभर ती तशीच असते रे बाबा,
त्याला सांगतो, जणू ते ऐकतंय.
दांड्यांवर शेपटीनं टांगलेल्या, बिनमुंडीच्या कॉडला मात्र
ते हात लावत नाही.

एका दुकानाची पाटी आरशातली.
काच उलटी ठेवली होती कुणीतरी.
फिरवली, अक्षरं ताळ्यावर आली.
गुडलाऊग म्हणाली, पण हा तर डावखुरा होता,
आता उजव्या हातानं तोलतोय.
मग पाटी?
पाटीचं तुम्ही बघा.

ती दर गुरुवारी येते, नावं सांगायला.
सत्त्याऐंशी वर्षं, स्वतःचं भिंग, स्वतःचा थर्मास.

पेटी एकोणीस.
सॉफ्टवेअरनं एक मुलगा उभा केला.
नीट विंचरलेले केस, मिटलेले डोळे,
डोक्यामागे उशी, भोवती अरुंद फळ्या.
दारात थांबलाय, आत येऊ का विचारत, असा.
फक्त टाचा कुठे टेकत नाहीत
आणि छातीवरची फुलं खाली घसरत नाहीत.

मी माउस नेला. नव्वद अंश, डावीकडे.
थांबा, ती म्हणाली.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आर्नुल्फ.
मी चार वर्षांची होते.
मला उचलून, वरून दाखवला होता.
एवढा उंच होता, हे माहीत नव्हतं.

स्कॅनर गुरगुरून गप्प झाला.
पडद्यावर नेहमीचा प्रश्न:
बदल जतन करायचे?
मी उठलो,
तिला कोट चढवायला मदत केली.
दुपारचे तीन, बाहेर काळोख.
तिची डावी बाही
उलटी झाली होती.