कोरडं सामान

दत्तनगरच्या बोळात लूम थांबले की
रेणुकाक्का भाकऱ्या उन्हातून आत घेते.
दम्मामला जायच्यात, इरेशकडे.
एकेकीला टिचकी मारून ऐकते,
नरम राहिली तर वाटेत बुरसेल.

शेंगा चटणी उखळातच.
मिक्सरमध्ये तेल सुटत नाही म्हणे.
इरेश फोनवर : अम्मा, इथं सगळं मिळतं.
मग जरा थांबून : लसूण मात्र जास्त घाल.

तिची सासू करीमनगरकडून आली
तेव्हा ओच्यात अंबाडीचं बी होतं.
न्हाणीमागं पेरलं, उगवलंही.
पण पहिल्याच घासाला म्हणाली,
आंबटच नाही गं, इथलं पाणीच तसलं.
आणि चाळीस वर्षं तीच भाजी खाल्ली,
दर वेळी नावं ठेवत.

कुरिअरवाला काट्यावर खोकं ठेवतो.
तीनच्या वर चाललंय, अक्का. काहीतरी काढा.
चटणीला ती हात लावू देत नाही.
वरची एक भाकरी काढते,
काउंटरवरच मोडते,
अर्धी त्याच्या हातात.

टक्क.

आवाज बरोबर आलाय.
आता लाव चिकटपट्टी, म्हणते.