मुद्देमाल

पावशी हातात धरतच नाईत, साहेब.
तिच्या पाटावर पाय ठेवतात.
पातं आपल्याकडं पाहत रायते,
अन् मासोई घेऊन आपनच त्याच्याकडं जातो.
हे मी तीनदा सांगतलं.
रायटरनं तीनदा लिवलं :
'सदर महिलेने हातातील धारदार हत्याराने'.

बुधवारचा बाजार उठला होता.
कांद्यावाल्याची गाडी गेली,
फुटानेवाल्यानं बल्ब काढून खिशात टाकला.
माह्यापुढं दोन मरय उरले होते
अन् एका गिऱ्हाइकाचा फोन : थांब बाई, येतोच.
आला तो दुसराच.
मागून आला.
दुपट्टा गयाभोवती पडला तवा वाटलं
कोनी वयखीचं मस्करी करते.

ओट्यामागं, जिथं बकऱ्या बांधतात,
तिथं वढत नेलं मले.
पाय पाटात अडकला होता,
म्हनून पावशीबी आली मागंमागं,
पायलेल्या कुत्र्यावानी.

किती वार केले?
मोजले नाई.
पयल्यांदा कुठं लागलं?
अंधार होता.
पयाली काहून नाई?
साहेब, दुपट्ट्याचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं.
त्यानं 'माय वं' म्हनलं, येवढं आठवते.
कारन तेच मीबी म्हनत होती.

ठान्यात मी आपल्या पायानं गेली.
पावशी पदरात गुंडाळली,
जशी दर बुधवारी घरी नेतो तशी.
जमादारानं गाठोडं पाह्यलं, मंग मले.
पुसलं : कोनाले मारलं?

गयाचा वय दाखवाले पदर सारला,
तर म्हने, थांब, बाईमानूस येऊ दे.
बाईमानूस साडेअकराले आली, तालुक्याहून, स्कुटीवर.
वाघाडे नाव. हेल्मेट तसंच डोक्यावर.
मोबाइलच्या उजेडात तिनं माह्या गया पाह्यला,
अन् लय वेय काईच बोलली नाई.
मंग म्हने, हात धुऊ नको हं, कौतुकाबाई.
म्हनून पहाटलोक
बोटांवर खवले सुकत रायले,
ट्यूबलाइटखाली चमकत.

पात्यावर रगत होतं.
यातलं मानसाचं कोनतं अन् मासोईचं कोनतं?
जमादारानं पुसलं, खरंच पुसलं.
मी म्हनलं, पातळ असते ते मासोईचं.
त्यानं तेबी लिवलं असन.
नमुना नागपूरले गेला.
अजून आला नाई.

मंग म्हने, कसं केलं ते करून दाखव.
मी फरशीवर बसली,
उजवा पाय दुमडला, पाटावर ठेवला,
पाठ वाकवली.
तीस वर्सांपासून बसतो तशीच बसली.
जमादार दोन पावलं मागं सरला.
टेबलावरचा चहा सांडला.
वाघाडेबाईनं खिडकीकडं तोंड केलं,
हासली का रडली, हेल्मेटमंधी समजलं नाई.

बयान वाचून दाखवलं.
'मी स्वसंरक्षणार्थ.'
म्हंजे काय?
म्हंजे, स्वताले वाचवासाठी.
मंग तसंच लिवा ना.
तसं लिवत नाईत.
आंगठा नाई देल्ला, सही केली,
कौतुका रामदास बावणे, अक्षर सुटं सुटं.

पावशी ठेवून घेतली.
पांढऱ्या फडक्यात बांधली, लाखेचा ठप्पा मारला,
चिठ्ठी लावली : मुद्देमाल, नंबर इतका.
तिचं लाकूड बाभयीचं हाय,
माह्या सासूनं घडवून आनलेलं,
हे चिठ्ठीवर नाई.
तीनदा मांगाले गेली.
कोर्टातून मियन, बाई.
कवा?
केस झाल्यावर.
अन् तो?
जामिनावर हाय. लंगडते म्हनतात.

नवी पावशी लोहारानं साडेतीनशेले देल्ली.
पैसे घेताना म्हने, पातं वाढवू का थोडं?
गावात सारेच असं बोलतात आता,
हासत, पन लांबून.

मांगच्या बुधवारी जमादार आला, साध्या कपड्यात.
अर्धा किलो रोहू. भाव केला नाई.
मी पाटावर पाय ठेवला.
तो कांद्याच्या ढिगाकडं पाहत उभा रायला.
पातं डोक्याच्या हाडाशी अडलं,
दोनदा जोर लावा लागला.
नवी हाय अजून.